बिनतारीच्या पाठीशीं तार

मनुष्याच्या हातीं एखादें नवें साधन आलें म्हणजे जुनें साधन आतां अडगळींत टाकावें, अशी त्याची सहजप्रवृत्ति असते. विद्युत्संदेशाच्या बाबतींतहि हेंच घडलें. तारेवांचून संदेश जाऊं लागला, तेव्हां तारेचे दिवस भरले असें भल्याभल्यांनीं धरून चालविलें. ‘बिनतारी’ हा शब्दच या समजाला खतपाणी घालणारा आहे. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहूं गेल्यास निराळेंच चित्र दिसतें. बिनतारी यंत्रानें जेथें जेथें चोख कामगिरी बजावली, तेथें तेथें त्याच्या पाठीशीं एखादी तार निमूटपणें उभी होती. ही गोष्ट समजून घेण्यास लंडन-न्यूयॉर्कचा प्रवास करण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्यांतील दौंड या एका गांवाची हकीकत त्यास पुरेशी आहे. आणि ती केवळ जुनी हकीकत म्हणून ऐकावी अशीहि नाहीं. आज शिरूर-दौंडकडील पुष्कळ घरांत दिवाणखान्यांत वायफाय धो धो वाहतें आणि माजघरांत त्याचा थेंबहि मिळत नाहीं. त्या दुखण्याचें औषध याच हकीकतींत सांपडतें.

दौंड हें भीमेच्या कांठचें गांव. इसवी सन १८५८ मध्यें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फांटा पुण्याच्या पुढें सोलापुराच्या दिशेनें सरकला, आणि १८६३ मध्यें बोरघाटांतील अवघड काम पुरें झाल्यावर दौंड थेट मुंबईशीं जोडलें गेलें. १८७८ मध्यें मनमाडकडे जाणारा फांटा निघाला व दौंड हें जंक्शन झालें. रुळांच्या जोडीनें तारेचे खांब आले. शिरूरचें दैव निराळें. घोडनदीच्या कांठीं वसलेलें व ‘घोडनदी’ याच नांवानें ओळखलें जाणारें हें गांव पुणें-नगर रस्त्यावरचें. इंग्रजी अमदानीच्या आरंभीं तेथें लष्कराची छावणी होती. रेल्वे मात्र शिरूरच्या वांट्यास आली नाहीं. एक गांव रुळांचें व तारेचें, तर दुसरें सडकेचें. तथापि आज दोहोंच्या घरांतील प्रश्न एकच झाला आहे.

दौंडचें महत्त्व कळण्यास त्यापूर्वींची स्थिति थोडक्यांत पाहिली पाहिजे. हिंदुस्थानांत विद्युत्तारेचा एक प्रयोग १८५० मध्यें कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान झाला. वीस वर्षांनीं, म्हणजे १८७० मध्यें, मुंबईपासून एडनमार्गें सुवेझपर्यंत समुद्राच्या तळाशीं केबल पडली व तेथून पुढें इंग्लंडपर्यंतची सांखळी पुरी झाली. आगबोटीनें कित्येक आठवडे खाणारा निरोप त्याच दिवशीं पोंचूं लागला. परंतु समुद्रांतली केबल म्हणजे मोठें भांडवल. तिच्यावर मोजक्या कंपन्यांची मालकी, आणि प्रत्येक शब्दाला मोजावें लागणारें मोल जबर. साध्या माणसानें विलायतेस तार करावी ती घरांत जन्म किंवा मरण झालें तरच.

याच सुमारास विद्युल्लहरींचें शास्त्र उदयास येत होतें. १८९५ मध्यें कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं लोकांसमक्ष एक प्रयोग करून दाखविला. अदृश्य लहरी भिंतींतून पलीकडे गेल्या व तिकडची घंटा वाजली. १९०१ मध्यें मार्कोनीनें अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी खूण पोंचविली. पुढें वीस वर्षें असा समज होता कीं, दूर जावयाचें तर लहर लांब पाहिजे व यंत्र राक्षसी शक्तीचें पाहिजे. मार्कोनी व त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनीं हा समज खोडून काढला. शंभर मीटरांहून आखूड लहर घ्यावी, आणि मोटारच्या दिव्याच्या झोताप्रमाणें ती एकाच दिशेला वळवावी, म्हणजे थोड्या शक्तींत ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाते, असें त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालें. या पद्धतीला ‘बीम’ म्हणजे झोताची पद्धति असें नांव पडलें. १९२४ मध्यें ब्रिटिश टपाल खात्यानें मार्कोनी कंपनीशीं करार केला, आणि साम्राज्यांतील दूरदूरचे देश या झोतांनीं इंग्लंडशीं जोडण्याचें ठरलें.

हिंदुस्थानसाठीं दोन ठिकाणें निवडण्यांत आलीं. संदेश धाडण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस, आणि संदेश घेण्याचें केंद्र दौंडास. इंग्रजांच्या कागदोपत्रीं त्यांचीं नांवें ‘किरकी’ व ‘धोंड’ अशीं येतात. इंग्लंडच्या बाजूसहि अशीच जोडी होती. तिकडे ग्रिम्सबीजवळून संदेश निघे आणि स्केग्नेसजवळ तो पकडला जाई. १९२७ मध्यें लॉर्ड आयर्विन या व्हाइसरॉयनें या मार्गाचें उद्घाटन केलें. याच आयर्विनच्या हस्तें २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. एकाच वर्षांत या देशानें बिनतारीनें बोलावयास आणि ऐकावयास अशा दोन्ही गोष्टींस प्रारंभ केला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

धाडण्याचें केंद्र आणि घेण्याचें केंद्र यांत रेल्वेच्या मार्गानें सुमारें ८० किलोमीटरांचें अंतर कां ठेवलें, हा प्रश्न कोणासहि पडेल. याचें उत्तर नगारखान्यांत मिळेल. नगारा बडवणाऱ्याच्या शेजारीं बसून कोणी कानगोष्ट ऐकूं म्हणेल तर तें शक्य नाहीं. सात हजार किलोमीटरांवरून आलेली लहर दौंडास पोंचेपर्यंत इतकी क्षीण झालेली असे कीं, जवळच धाडणारें यंत्र गर्जत असतें तर ती पार बुडून गेली असती. एकाच वेळीं बोलावयाचें आणि ऐकावयाचेंहि असेल, तर तोंड एकीकडे व कान दुसरीकडे ठेवणें भाग होतें. दौंडचें माळरान हा त्या यंत्रणेचा कान होता. त्या माळरानाची खरी संपत्ति म्हणजे तेथील शांतता.

परंतु येथें दुसरी अडचण उभी राहते. विलायतेशीं व्यवहार करणारे व्यापारी दौंडास नव्हते, तसे खडकीसहि नव्हते. पेढ्या, बँका, कचेऱ्या व वर्तमानपत्रें सारीं मुंबईस. दौंडास पकडलेला निरोप सुमारें २७० किलोमीटर दूर मुंबईस न्यावयाचा कसा? त्या इंजिनियरांपुढें दोन वाटा होत्या. एक तर दौंडास आणखी एक लहानसें बिनतारी यंत्र बसवून तो निरोप पुन्हां हवेंतून मुंबईकडे फेंकावयाचा, किंवा साधी तार ओढावयाची. त्यांनीं तार पसंत केली. मुंबईच्या कचेरींत कारकुनानें कागदाच्या फितीवर छिद्रें पाडलीं कीं त्यांचे ठोके तारेनें घाट चढून खडकीस जात व तेथील यंत्र आपोआप चालू-बंद होई. लहर आकाशांतून स्केग्नेसला उतरे आणि तेथून पुन्हां तारेनें लंडनच्या कचेरींत जाई. उलट दिशेनें लंडनचा निरोप तारेनें ग्रिम्सबीस, तेथून आकाशमार्गें दौंडास, व दौंडाहून तारेनें मुंबईस येई. करारांत या यंत्रांनीं मिनिटाला १०० शब्द या वेगानें काम करावें अशी अट होती. इतका वेग हातानें निरोप उतरवून पुन्हां पाठविण्यांत साधला नसता. म्हणजे ज्या संदेशाला अवघें जग बिनतारी म्हणून नांवाजत होतें, त्याच्या दोन्ही टोकांस तारच होती.

या निवडींत एक मोठें तत्त्व सांठविलेलें आहे. दौंडाहून मुंबईस बिनतारीनेंच निरोप पाठविला असता, तर ज्या शांततेसाठीं दौंड निवडलें तीच शांतता त्या यंत्रानें मोडली असती. आकाश हें सर्वांचें सामाइक अंगण आहे. तेथें एक बोलूं लागला कीं दुसऱ्यास थांबावें लागतें. तार मात्र आपला निरोप आपल्या पोटांत ठेवून, बाहेर गवगवा न करतां नेते. म्हणून जेथें तार नेणें दुष्कर आहे, तेवढ्याच टप्प्यापुरती हवा वापरावी व उरलेला सर्व मार्ग तारेच्या स्वाधीन करावा, हा या तत्त्वाचा सारांश. दौंडास तो टप्पा सात हजार किलोमीटरांचा होता. घरांत तो सात हातांचा असतो. तत्त्व बदलत नाहीं.

झोताची पद्धति स्वस्त पडली, आणि केबल कंपन्यांच्या पोटांत गोळा उठला. गिऱ्हाइकें भराभर बिनतारीकडे वळूं लागलीं. केबली मोडींत काढाव्या लागतात कीं काय, असा प्रसंग आला. १९२८ मध्यें लंडनमध्यें साम्राज्याची बिनतारी व केबल परिषद भरली, आणि तिनें या दोघांना झुंजत ठेवण्याऐवजीं एका छत्राखालीं आणण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणें १९२९ मध्यें दोन्ही व्यवसाय एक झाले व १९३४ मध्यें त्या संस्थेनें ‘केबल अँड वायरलेस’ असें नांव धारण केलें. हिंदुस्थानांतील कंपनीनेंहि १९३२ पासून आपल्या नांवांत रेडिओ व केबल हे दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं घेतले. यामागें केवळ भागीदारांचा स्वार्थ नव्हता. आकाशांतील लहर सूर्याच्या लहरीवर अवलंबून असते. सूर्यावर वादळ झालें कीं आखूड लहरींचा मार्ग कित्येक तास बंद पडतो. शिवाय हवेंत सोडलेला शब्द ज्याला यंत्र आहे त्या कोणासहि ऐकतां येतो. समुद्राच्या तळाशीं पडलेल्या केबलीला या दोन्ही भयांपासून बरीच मोकळीक होती. ज्यांनीं घाईनें तार तोडून टाकण्याचा सल्ला दिला, त्यांचें ऐकलें असतें तर पुढील महायुद्धांत काय अवस्था झाली असती, याचा विचार करावा.

१९३३ मध्यें हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें बिनतारी टेलिफोन सुरू झाला. १ जानेवारी १९४७ रोजीं परदेशांशीं दळणवळणाचा हा सारा व्यवसाय सरकारनें आपल्या ताब्यांत घेतला व ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ हें खातें निर्माण केलें. १९८६ मध्यें त्याचेंच विदेश संचार निगम झालें. पुढें दळणवळणाचें साधन बदललें. पण दौंडाचा धडा याच जिल्ह्यांत पुन्हां एकदां गिरविला गेला. शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें अवाढव्य रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या आहेत. आकाशांतील दूरच्या तारकामंडळांकडून येणारी अत्यंत क्षीण कुजबूज त्या ऐकतात. ती कुजबूज मध्यवर्ती इमारतीपर्यंत नेण्यास तेथील शास्त्रज्ञांनीं जमिनीखालून कांचतंतूंच्या तारा घातल्या. दौंडाप्रमाणेंच येथेंहि शांत जागा निवडली, हवेंतून ऐकलें, आणि ऐकलेलें तारेनें नेलें.

आतां घराकडे वळावें. घरांतील वायफायचा जन्महि तार व बिनतारी यांच्या संगनमतांतून झालेला आहे. १९७१ मध्यें हवाई बेटांवरील विद्यापीठानें बेटाबेटांवरील संगणक रेडिओलहरींनीं जोडले. त्या प्रयोगाचा अभ्यास केलेल्या रॉबर्ट मेटकाफ यानें १९७३ मध्यें संगणक तारेनें जोडण्याची एक युक्ति काढली, आणि तिला ‘इथरनेट’ असें नांव दिलें. ईथर म्हणजे प्रकाशलहरी ज्यांतून वाहतात असें पूर्वींचे शास्त्रज्ञ मानीत तें सर्वव्यापी सूक्ष्म द्रव्य. म्हणजे तारेच्या जोडणीला आकाशाचें नांव मिळालें. पुढें १९९७ मध्यें याच पद्धतीला जुळेल असा बिनतारी जोडणीचा नियम ठरला, आणि १९९९ पासून तो वायफाय या नांवानें घरोघरीं गेला. तार व लहर हीं एकाच घरचीं भावंडें आहेत. त्यांची फारकत करणें हाच घोटाळ्याचा उगम होय.

आजच्या घरांत कंपनीचा माणूस कांचतंतूची बारीक तार घेऊन येतो, खिडकीजवळ किंवा दारामागच्या कोपऱ्यांत पेटी बसवितो, तिच्याजवळ राउटर ठेवतो आणि निघून जातो. लहरीनें तेथून घरभर फिरावें अशी अपेक्षा. परंतु वायफायची एक लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची व दुसरी सुमारें सहा सेंटिमीटरांची असते. आखूड लहरींतून माहिती अधिक वाहते; पण भिंत आडवी आली कीं तिचाच दम आधीं तुटतो. जुन्या वाड्याची हात-दीड हात जाडीची दगडी भिंत असो, किंवा नव्या बंगल्याचा लोखंडी सळ्यांचा स्लॅब असो, दोन्ही तिला अडवितात. पत्र्याचें छप्पर, पाण्याची टांकी व लोखंडी कपाट हे आणखी अडथळे. त्यामुळें दिवाणखान्यांत दिवा लखलखीत आणि माजघरांत काळोख, असें होतें. २०२० सालीं टाळेबंदींत शाळा घरीं आल्या, तेव्हां हा काळोख घरोघरीं जाणवला. ज्या मुलाची अभ्यासाची खोली मागील बाजूस, त्याच्या गुरुजींचा आवाज तुटक तुटक येऊं लागला, आणि तें मूल वही घेऊन जिन्यांत येऊन बसलें. सोयीचा प्रश्न त्या दिवसांत शिक्षणाचा प्रश्न होऊन बसला.

यावर बाजारानें काढलेला उपाय म्हणजे मेश. २०१६ च्या सुमारास अशा दोन-तीन पेट्यांचे संच घरगुती वापरासाठीं विकले जाऊं लागले. मेश म्हणजे जाळें. एक पेटी मुख्य तारेजवळ, दुसरी मधल्या खोलींत, तिसरी वरच्या मजल्यावर. त्या आपसांत हवेंतून बोलतात व सर्व घराला एकच नांवाचें वायफाय देतात. कल्पना सुरेख आहे. पण तिच्यांत एक उणीव दडलेली असते. पूर्वींच्या हरकाऱ्यांची डाक आठवावी. एका हरकाऱ्यानें पिशवी आणावी, दुसऱ्यानें ती घ्यावी व पुढें पळावें. येथें मात्र घेणारा व पुढें देणारा एकच, आणि वाटहि एकच. मधली पेटी ज्या लहरीवर निरोप घेते त्याच लहरीवर तो पुढें देते, तेव्हां तिचा अर्धा वेळ घेण्यांत व अर्धा देण्यांत जातो. एका टप्प्यांत वेग सुमारें निम्म्यावर येतो. दोन टप्प्यांत त्याच्याहि खालीं. खडकी व दौंड एकाच माळावर बसवून त्यांना आळीपाळीनें बोलावयास लावावें, तसाच हा प्रकार. महाग संचांत पेट्यांच्या आपसांतील बोलण्यासाठीं निराळी लहर राखून ठेवलेली असते. त्यानें पुष्कळ सुधारणा होते हें खरें. परंतु मधली भिंत कांहीं हटत नाहीं.

यापेक्षांहि फसवी गोष्ट निराळीच आहे. ज्या खोलींत वायफाय पोंचत नाहीं त्याच खोलींत लोक नवी पेटी नेऊन ठेवतात. लगेच फोनवर सर्व रेघा भरलेल्या दिसतात, आणि समाधान वाटतें. पण त्या रेघा फोन व जवळची पेटी यांच्यामधील जवळीक दाखवितात. त्या पेटीला मूळ स्थानाकडून किती मिळतें याची साक्ष त्या देत नाहींत. नळाची तोटी चकचकीत आहे म्हणून टांकींत पाणी आहे असें कोणी मानीत नाहीं. येथें मात्र नेमकें तेंच मानलें जातें. मग वेग कमी पडला कीं आणखी एक पेटी विकत घेतली जाते, आणि हवेंतील गलका आणखीच वाढतो.

दौंडची युक्ति येथें कामास येते. मेशच्या बहुतेक पेट्यांना पाठीमागें इथरनेटच्या तारेसाठीं भोंक असतें. मुख्य राउटरपासून तेथपर्यंत तार नेऊन जोडली, कीं त्या पेटीचें मूळ स्थानाशीं बोलणें तारेनें होऊं लागतें व तिची सर्व हवा त्या खोलींतील माणसांसाठीं मोकळी राहते. निम्मेपणाचा शाप सुटतो, भिंतीचा प्रश्न उरत नाहीं, आणि लहरीला जावें लागतें तें खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ही तार चार जोड्यांची असते, आणि प्रत्येक जोडींतील दोन तारा एकमेकींस पीळ घालून वळलेल्या असतात. हा पीळहि जुना आहे. टेलिफोनचा संशोधक ग्रॅहॅम बेल यानें १८८१ मध्यें त्याचा हक्क नोंदविला. दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच आदळतो, आणि पलीकडचें यंत्र दोहोंतील फरकच वाचीत असल्यानें तो गोंगाट वजा होऊन जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, ही म्हण हट्टी माणसाच्या निंदेसाठीं वापरतात. येथें मात्र पीळ आहे म्हणूनच तार खरें बोलते.

ही जोडणी करतांना थोडी दक्षता घ्यावी लागते. ‘कॅट सहा’ या नांवानें मिळणारी तार १०० मीटरांपर्यंत नीट काम देते, व घराला याहून अधिक क्वचितच लागते. ती सबंध तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण ती लवकर दगा देते. भिंतींत पूर्वींच घातलेली रिकामी नळी असेल तर उत्तम. नसेल तर छताच्या कडेनें केसिंग पट्टी मारून तार नेतां येते. विजेच्या तारांच्या नळींत ती कोंबूं नये. कंपनीच्या पेटीनंतर प्रथम मेशची मुख्य पेटी, तिच्यानंतर फांटे फोडणारा स्विच, व त्याच्यापासून पुढील पेट्या, असा झाडाच्या फांद्यांसारखा क्रम ठेवावा. फांदी फिरून पुन्हां खोडाला जोडूं नये. तसें केल्यास साध्या स्विचवर तोच निरोप गरगर फिरत राहून सर्व घराचें दळणवळण गुदमरतें. कंपनीची पेटी आणि मेशची मुख्य पेटी या दोघी एकाच वेळीं वाटाड्याचें काम करूं लागल्या तरीहि घोटाळा होतो. एकीला केवळ पुलाचें काम सोंपवावें. आणि ज्या वस्तु जागच्या हलत नाहींत, म्हणजे दूरदर्शन संच, टेबलावरचा संगणक, पहाऱ्याचा कॅमेरा, त्यांना शक्य तेथें तारच द्यावी. हवा हिंडत्या-फिरत्या वस्तूंसाठीं राखावी.

शिरूर व दौंड तालुक्यांत आणखी एक प्रश्न येतो. तेथें पुष्कळ कुटुंबें गांवठाणाबाहेर मळ्यांत वस्ती करून राहतात. राहतें घर एकीकडे, गोठा दुसरीकडे, मुलाचा नवा बंगला तिसरीकडे. एका इमारतीपासून दुसरीपर्यंत उघड्यावरून तांब्याची तार नेली, तर वळिवाच्या पावसांतील वीज तिच्या वाटेनें आंत येण्याचें भय असतें. तारायंत्राच्या काळापासून हें भय ठाऊक असल्यानें प्रत्येक तार-कचेरींत वीज जमिनींत उतरविण्याची व्यवस्था ठेवावी लागे. अशा ठिकाणीं कांचतंतु घालावा. कांच विजेला वाट देत नाहीं. शुद्ध कांचेच्या तंतूंतून प्रकाशानें दूरवर संदेश जाऊं शकेल हें चार्ल्स काव यानें १९६६ मध्यें दाखवून दिलें, व त्यासाठीं त्याला २००९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत टेलिफोनच्या दोन केंद्रांना जोडणारी पहिली कांचतंतूची तार १९७९ मध्यें पुण्यासच पडली. आज ती मळ्यांतील घरालाहि परवडूं शकते.

भाड्याच्या घरांत भिंतीस हात लावतां येत नाहीं, किंवा तार नेण्यास वाटच नसते, अशा वेळीं दुय्यम उपाय करावा. नवी पेटी काळोख्या खोलींत न ठेवतां उजेड व काळोख यांच्या मध्यावर, जेथें मूळ लहर अजून सशक्त आहे तेथें ठेवावी. दोन पेट्यांमध्यें एकापेक्षां अधिक भिंत येऊं देऊं नये. तीन पेट्यांची ओळ लावण्यापेक्षां मुख्य पेटी मध्यभागीं व इतर दोन तिच्या दोन बाजूंस ठेवणें हितकर, कारण त्यांत एकच टप्पा पडतो. आणि सर्व पेट्यांना तार देतां आली नाहीं, तरी सर्वांत दूरच्या पेटीला तेवढी द्यावी. एका तारेनेंहि घराचा नूर पालटतो.

जी गोष्ट घराची तीच गांवाची. वाडीवर उंच मनोरा दिसला म्हणजे तेथें उत्तम इंटरनेट असेलच असें नाहीं. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशीं कांचतंतु आला आहे कीं तो स्वतःच दुसऱ्या मनोऱ्याकडून हवेंतून उसनवारी करतो, यावर सारें अवलंबून. याच कारणास्तव २०११ मध्यें केंद्र सरकारनें ग्रामपंचायतींपर्यंत कांचतंतु नेण्याची योजना मंजूर केली, व २०१५ पासून ती भारतनेट या नांवानें ओळखली जाते. देशादेशांमधील व्यवहारांतहि हेंच दिसतें. १९८८ मध्यें अटलांटिकच्या तळाशीं पहिली कांचतंतूची केबल पडली, आणि ज्या समुद्री केबलीचें श्राद्ध १९२८ मध्यें घालण्यास लोक निघाले होते, तीच नव्या देहानें परत आली. आज खंडाखंडांमधील बहुतेक सर्व माहिती समुद्राच्या तळावरूनच वाहते. २००८ च्या जानेवारींत इजिप्तच्या किनाऱ्याजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हां आकाशांत उपग्रह असूनहि भारतांतील इंटरनेट मंदावलें. हातांतील फोनला कोठेंहि तार दिसत नाहीं. पण त्याचा शब्द कांहीं पावलांवर जाऊन तारेंतच उतरतो.

घर बांधणाऱ्यानें यांतून एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, भिंतीस गिलावा होण्यापूर्वीं दिवाणखान्यापासून प्रत्येक मजल्यावर व मागील खोलींत एक रिकामी नळी घालून ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं. गिलावा झाल्यावर त्याच कामास छिन्नी-हातोडा लागतो. विजेच्या नळीसाठीं गवंडी भिंतीला खांच पाडीत असतो, त्याच दिवशीं त्याला दुसरी खांच थोड्या अंतरावर पाडावयास सांगितली कीं काम झालें. १९२७ मध्यें दौंडाहून मुंबईपर्यंत घाट उतरून तार न्यावी लागली होती. घरांत ती बहुधा वीस-पंचवीस हातांपलीकडे न्यावी लागत नाहीं.